सरस वाळेपर्यंत

१

रविवारी सकाळी माझा मुआयना असतो, म्हणजे तपासणी. पलटण सोडून इतकी वर्षं झाली तरी ही खोड काही जात नाही. अठरा वर्षं मी आर्मोरर होतो, म्हणजे दुसऱ्यांच्या बंदुका दुरुस्त करायच्या आणि त्यांनी त्यांची काय दशा केली यावरून त्यांना शिव्या द्यायच्या. घरी बंदूक नाही. शिव्या द्यायच्या तर समोर फक्त वयनी, आणि तेवढी छाती देवानं मला दिलेली नाही. म्हणून मी मुआयना करायचो तो भिंतीवरच्या गळकाठीचा.

आमचं गाव कोयनेच्या खोऱ्यात. मेढ्याहून डोंगर चढून पलीकडं उतरलं की लागायचं. आता ते धरणाच्या पाण्याखाली आहे. साठ साली मी पेन्शनीवर घरी आलो आणि त्याच साली गाव उठलं. जमीन मिळाली ती इकडं, कवठे महांकाळच्या माळावर. जिथं पावसानं छपरं कुजायची तिथून उचललं आणि जिथं कुत्र्याला चाटायला पाणी नाही तिथं आणून बसवलं. पिण्याचं पाणी दीड मैलावरच्या विहिरीवरून आणायचं. पत्र्याचं दोन खणांचं घर, पुढं ओटा, आणि घरात आम्ही दोघं, मी आणि माझी थोरली भावजय हरणाबाई. मी नऊ वर्षांचा असताना ती लग्न होऊन आली आणि त्याच पावसाळ्यात आमची आई गेली. तेव्हापासून मला न्हाऊमाखू तिनं घातलं. तिला पोर झालं नाही, माझं लग्न दोनदा ठरून दोनदा मोडलं. तेव्हा तिचं पोर म्हणजे मीच, बेचाळिशीचा आणि पिकल्या मिशांचा.

काठी माझ्या थोरल्या भावाची, नाथादादाची. इंग्रजाच्या काळात जंगल खात्याचा एक साहेब कोयनेवर खडस मासा धरायला यायचा आणि दादा त्याचा वाटाड्या असायचा. गळाला गांडूळ नाही, पिठाची गोळी नाही. कोंबड्याच्या पिसांची माशी बांधायची आणि ती पाण्यावर अशी अलगद टेकवायची की खडसाला ती खरीच वाटावी. सत्तेचाळीस साली साहेब गेला आणि जाताना काठी दादाला देऊन गेला. बांबूच्या सहा चिरफळ्या सरसानं एकमेकींना चिकटवलेली, तीन तुकड्यांची, पितळी जोडांची. साडेनऊ फूट लांब, आणि हातात घेतली तर आमटीच्या पळीइतकी हलकी.

सगळ्यात वरचा निमुळता तुकडा, त्याला आम्ही टोक म्हणायचो. ती टोकं दोन होती. साहेबाचा नियम असा की आज एक टोक नदीवर गेलं की दुसरं घरी निजणार आणि पुढच्या खेपेला पाळी बदलणार. सारखं एकच वापरलं तर बांबूला बाक येतो. दादानं हा नियम उपासाच्या वारासारखा पाळला. घरी राहिलेलं टोक वयनीच्या ताब्यात असायचं. "ह्ये घरी हाय तवर मी येनारच," असं तो तिला म्हणायचा. संध्याकाळी परतला की ओट्यावर बसून काठीचे तुकडे वेगळे करायचा. चांगला बसलेला पितळी जोड ओढला की बाटलीचं बूच निघाल्यासारखा आवाज होतो. टप्प. तो आवाज आला की वयनी चुलीवर तवा टाकायची.

चौपन्न सालच्या कार्तिकात दादा पहाटे नदीवर गेला तो आलाच नाही. काठी डोहाच्या दगडांत अडकलेली सापडली. वरचं टोक जोडातून निसटून गेलं होतं. दादा नाही, टोक नाही. प्रेत मिळालं नाही म्हणून वयनीनं कुंकू पुसलं नाही, आणि तिला पूस म्हणायची हिंमत कुणाला झाली नाही.

सहासष्टच्या दसऱ्यानंतरच्या रविवारी मी वाटीत जवसाचं तेल घेतलं, फडकं बुडवलं आणि घरी राहिलेलं टोक खुंटीवरून काढलं. ते ओलं होतं.

२

ओलं म्हणजे हवेनं घामेजलेलं नव्हे. दोर ओवायच्या शेवटच्या कडीतून थेंब गळत होता. मी वर पत्र्याकडं बघितलं. पाऊस जाऊन तीन आठवडे झाले होते, आणि असताना तरी कुठं मोठा पडला होता!

"वयनी, हितं पानी सांडलं व्हतं का?"

"सांडाय पानी हाय कुटं?" आतून आवाज आला. "डोस्क्यावर आनून आनून माझी टाळू बसली, आन मी ते भितीवर शिपडू व्हय?"

बरं, मांजर? मांजरानं खुंटीवर चढून उदबत्तीपेक्षा जरा जाड काठी भिजवायची, तीही फक्त टोकाकडची, हे काही मला पटेना. मी टोक पुसलं, तेल लावलं, आणि खुंटीखालच्या जमिनीवर चाळलेली राख पसरून ठेवली. पलटणीत दारूगोळ्याच्या कोठीत चोर शिरतोय का हे बघायला आम्ही असंच करायचो.

पुढच्या रविवारी राखेत एकही पाऊल नव्हतं, माणसाचं नाही की मांजराचं नाही. टोकाच्या बरोबर खाली मात्र बारीक खळगे पडले होते, पागोळ्यांखाली पडतात तसे. टोक पुन्हा ओलं. आणि शेवटच्या कडीत एक हिरवा धागा अडकलेला. मी तो रेशमाचा समजून चिमटीत धरला तर बुळबुळीत लागला. शेवाळ होतं. आमच्या त्या माळावर शेवाळ कशाला म्हणतात हे पोरांना सांगून समजत नाही.

वयनी भाकरीच्या पिठाचे हात घेऊन दारात आली. मी काही बोलायच्या आधीच तिनं श्वास ओढला.

"आपल्या डोहाचा वास हाय ह्यो," ती म्हणाली.

"काय तरीच. वलसर लाकडाचा वास असतो असा."

"तुमी पलटनीत व्हता भावजी. मी त्या डोहावर पंचवीस वर्सं धुनं धुतलंय."

तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, हे मला जास्त लागलं. नवी ठिणगी पडलेल्या चुलीकडं बाई बघते तशी ती त्या टोकाकडं बघत होती. मी ते घाईघाईनं पुसलं आणि भाकरी करपतेय म्हणून तिला आत पाठवलं.

३

त्याच आठवड्यात आमच्या भावकीतला तात्याबा आला. वस्तीत वयानं सगळ्यात मोठा माणूस. माझ्याशी बोलतोय असं दाखवत तो सगळं वयनीला ऐकू जाईल असं बोलत होता.

"हिंदुराव, औंदाच्या कार्तिकात बारा वर्सं भरत्यात, गड्या. गावलं न्हाई त्याचा बाराव्या वर्साला पुतळा करून जाळावा लागतोय. पळसाची पानं, वर नारळ. त्याला वाट मोकळी व्हती आन मागल्यांस्नी बी."

"बघू की."

"बघू काय रं? किती दीस त्या बाईनं असं ना इकडं ना तिकडं बसायचं?"

आत भांडी वाजत होती ती थांबली.

मला विचाराल तर मलाही तेच हवं होतं. दादाचं कार्य व्हावं, वयनीनं ती वाट बघणं सोडावं आणि म्हातारपणी माझ्याशी भांडत सुखानं राहावं. ती माझ्यापासून जाऊ नये, एवढंच माझं मागणं. आधी ते मला नीट कळत नव्हतं. टोक ओलं व्हायला लागलं तेव्हा कळलं.

४

त्या टोकाच्या जोडावर गुंडाळलेलं हिरवं रेशीम उसवत होतं म्हणून धागा शोधायला मी सांगलीला गेलो. बंदुकांच्या दुकानात काठीचं वर्णन करत होतो, तेवढ्यात मागं बसलेले एक म्हातारे पारशी गृहस्थ खुर्चीतून उठलेच. भरुचा नाव. साखर कारखान्यांची यंत्रं बसवायचं काम करायचे आणि सुट्टीच्या दिवशी जिथं पाणी दिसेल तिथं मासे धरत बसायचे. गुरुवारी भरदुपारी त्यांची जीप आमच्या दारात उभी राहिली.

त्यांनी काठी दोन्ही हातांवर घेतली, तान्हं मूल घेतात तशी, आणि कितीतरी वेळ नुसते बघत राहिले.

"बाबा, हे आता कोण करतच नाय," ते म्हणाले. "ज्या कंपनीनं केली ना, तिनं ते कामच बंद केलं. ते कारागीर गेले, ती भट्टी गेली. आता सगळा माल काचेच्या धाग्याचा. हे बघ." त्यांनी जीपमधून आपली नवी काठी काढली. पिवळसर, चकचकीत, कुजायची नाही की किडायची नाही.

"मग ही असताना ती जुनी कशाला हुडकता?"

"आपन एकटा नाय हुडकत. विलायतेत, अमेरिकेत, सगळीकडे लोक म्हाताऱ्या बायांच्या माळ्यावर चढून हुडकते." ते हसले. "काचेच्या काठीनं मासा लागला ते कळते. बांबूच्या काठीनं मासा मनात काय आणते ते पण कळते. एकदा कळलं की मग माणसाला दुसरं गोड लागत नाय."

त्यांनी अंगणात काठी जोडली. चरखी नाही, दोर नाही, नुसती काठी. पुढं-मागं दोनदा हलवली आणि तिसऱ्यांदा हलवताना थांबले.

टोक खाली वाकत होतं. हळूहळू, सावकाश, मातीच्या दिशेनं. मग एक हिसका बसला, अंमळ थांबून दुसरा. भरुचांचं मनगट आपसूक सैल झालं, जन्मभराच्या सवयीनं. त्यांच्या तोंडचा रंग उडाला पण काठी त्यांनी सोडली नाही. मग टोक सरळ झालं आणि त्याच्या शेवटच्या कडीतून एक थेंब मातीत पडला. बारा वाजताच्या उन्हात मी तो माझ्या डोळ्यांनी बघितला.

ते ओट्यावर बसले. वयनीनं तांब्या पुढं केला. अर्धं पाणी प्यायल्यावर ते म्हणाले, "मासा नव्हता तो. मासा पळायला खेचते. हे असं होतं, बाई, की अंधारात कोणी हात लावून बघते ना, आपलंच माणूस आहे की नाय, तसं." मग माझ्याकडं वळले. "याचं दुसरं टोक कुठे?"

"डोहात. धरणाखाली."

"दोन्ही टोकं एकाच बांबूची असते, माहीत आहे? एकीला लागून दुसरी." पुढं काहीतरी त्यांच्या ओठावर आलं होतं, पण वयनीच्या कपाळाकडं बघून त्यांनी ते गिळलं. "मला नको ही काठी. पण तू कोणाला देऊ पण नको."

जीप गेल्यावर तिची धूळ खाली बसेपर्यंत आम्ही दोघं तिथंच उभे होतो.

५

त्या संध्याकाळी मी वयनीला जे सांगितलं ते बारा वर्षं माझ्या घशात अडकलेलं होतं.

चौपन्नच्या कार्तिकात मी रजेवर आलो होतो. एका टोकाचा पितळी जोड ढिला झाला होता. मी पलटणीतला आर्मोरर, बंदुका जुळवणारा! "दे इकडं," म्हणालो. रात्री जागून सरस तापवला, जोड बसवला, वर लाल रेशीम गुंडाळलं. पलटण होती त्या अंबाल्याच्या कोरड्या हवेत सरस एका रात्रीत दगडासारखा व्हायचा. आमच्या खोऱ्यातल्या कार्तिकातल्या धुक्यात त्याला तीन दिवस लागतात, हे तिथंच जन्मलेल्या मला आठवू नये? पहाटे दादानं विचारलं, "वाळलं का रं?" मी पांघरुणातूनच म्हणालो, "वाळलंय, ने." पाळी दुसऱ्या टोकाची होती. तरी त्यानं माझंच नेलं. मोठा खडस लागला असणार, टोक जोडातून निसटलं असणार, आणि ते धरायला दादा पाण्यात उतरला असणार.

"वयनी, मी मारला त्याला," मी म्हणालो आणि मला रडू फुटलं.

तिनं पदरानं माझं तोंड पुसलं, नऊ वर्षांच्या पोराचं पुसावं तसं, खसाखसा.

"त्यास्नी ठावं व्हतं," ती म्हणाली. "निगताना जोड हलवून बघितला त्यांनी. मी म्हनलं, वलं हाय तर दुसरं न्या, आज त्याचीच पाळी हाय. तर म्हनले, हिंदूनं रात जागून केलंय, ठिवून गेलो तर त्याला वाईट वाटंल. नदीवर जाईस्तवर वाळतंय."

"आन हे बारा वर्सं मला सांगितलं न्हाईस?" एरवी मी तिला अहोजाहो करतो. त्या दिवशी नाही झालं.

"सांगितलं असतं तर तुमी निजला असता व्हय?"

कंदील लावायचासुद्धा राहून गेला.

६

कार्तिकात ओढ्याच्या कोरड्या पात्रात पुतळा केला. पळसाची पानं पोरांनी लांबून आणली, डोक्याला नारळ ठेवला. तात्याबा सांगत होता तसं मी करत होतो. सगळं झाल्यावर वयनी पुढं आली. तिच्या हातात घरी राहिलेलं टोक होतं.

"ह्ये पाठीच्या कन्याला घाला."

"वयनी, तेवढंच राहिलंय त्याचं."

"त्या दिशी ह्याची पाळी व्हती. चुकली ती. जाऊ द्या आता."

मी घातलं. अग्नी दिला, पण पानं पेटेनात. वाळून खडखडीत झालेली पानं ओल्या लाकडासारखी चुरचुरत राहिली आणि वाफ निघू लागली. तात्याबानं रॉकेल मागवलं. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि सगळं एकदम पेटलं. बायका बांगड्या फोडायला पुढं झाल्या, पण वयनीनं त्यांना हातानं थांबवलं. तिनं कुंकू स्वतःच पुसलं आणि बोट पदराला घासलं. तिच्या त्या मोकळ्या कपाळाकडं मला बघवेना.

शनिवारी दिवेलागणीला मी घरात बसून चप्पल शिवत होतो. बाहेर ओट्यावर आवाज झाला. टप्प.

वयनीनं चुलीवर तवा टाकला. टाकल्यावर तिच्या लक्षात आलं. तिनं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. मी उठून बाहेर गेलो. ओट्यावर कुणी नव्हतं. पत्रा थंड होताना वाजतो असा, असं मी मोठ्यानं म्हणालो, आणि तिनं मान हलवली.

सकाळी, सवयीनं, मी तेलाची वाटी घेऊन भिंतीशी गेलो. खुंटी रिकामी असायला हवी होती. तिच्यावर टोक होतं.

जळालेलं टोक नव्हे ते. त्या टोकाच्या जोडावर हिरवं रेशीम होतं, याच्यावर लाल. गुंडाळी थोडी तिरपी, कारण त्या रात्री दिव्यात तेल कमी होतं आणि मला झोप येत होती. माझं काम मी ओळखणार नाही का? मी जोडाला बोट लावलं.

सरस अजून ओला होता.

७

वयनी माझ्या मागं येऊन उभी राहिली. तिनंही बोट लावलं आणि अंगठ्यावर चोळून बघितलं.

"एक गेलं, एक घरी आलं," ती शांतपणे म्हणाली. "पाळी बदलली. भावजी, ह्या टायमाला नीट वाळू द्या. वाळलं की न्यायला येतील."

"कोन?"

ती सूप घेऊन बसली. जरा वेळानं, तांदूळ निवडता निवडता, सहज बोलल्यासारखं म्हणाली, "आन मला बी."

त्या दिवसापासून मी जे केलं त्याची मला लाज नाही. पहिला आठवडा सरस खरंच ओला राहिला. दुसऱ्या आठवड्यात तो वाळला. त्या माळावर काय वाळत नाही! ती पाण्याला गेली तेव्हा मी वाटीत सरस तापवला आणि लाल रेशमावर एक हात फिरवला.

रविवारी ती आली. "वाळलं का?"

"न्हाई अजून."

तिनं बोट लावून बघितलं. "कसला म्हनायचा ह्यो सरस!"

"जुना सरस असाच असतो."

दर शनिवारी ती पाण्याला गेली की मी वाटी तापवायचो. दर रविवारी ती विचारायची आणि मी "न्हाई" म्हणायचो. एकदा ओलं असताना वाळलंय म्हणालो होतो, आता वाळलेलं असताना ओलं म्हणत होतो. मार्गशीर्ष गेला, पौष गेला. भांडणं चालू होती, भाकऱ्या चालू होत्या, ती माझ्या मिशांवरून मला चिडवत होती. मला वाटायचं, असंच वर्षभर काढू, दोन वर्षं काढू. सरस तर बाजारात पाहिजे तेवढा मिळतो.

टोक आता कधी ओलं व्हायचं नाही. शनिवारी संध्याकाळी मात्र ओट्यावर कुणीतरी टेकल्यासारखं वाटायचं. नुसतं टेकल्यासारखं, वाट बघत, घाई नसल्यासारखं. मी दार लावून घ्यायचो.

८

माघात पेन्शनीच्या कागदावर सही करायला सांगलीला गेलो. शुक्रवारी परतायचं होतं. कचेरीतला साहेब रजेवर निघाला, शनिवारी बोलावलं, आणि संध्याकाळची गाडी मिरजेच्या पुढं बंद पडली. रात्र मी एसटीच्या फाट्यावर काढली. सरसाचा शनिवार चुकला होता.

रविवारी दुपारी मी वस्तीत पोचलो. वयनी ओट्यावर बसली होती. तिनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. कपाळावर कुंकू होतं, मोठं, रुपयाएवढं, पूर्वी लावायची तसं. आणि तिच्या शेजारी ओट्याची फरशी ओली होती, माणूस बसावा एवढी. माघाच्या त्या उन्हात, बाकी सगळा ओटा तापलेला असताना.

"आला व्हय," ती म्हणाली. "किती वाट बघायची मानसानं? ताट झाकून ठिवलंय, कालवन गरम करून घ्या."

माझी नजर आत गेली. खुंटीवर टोक नव्हतं. भिंतीवर काठीचे बाकीचे तुकडेही नव्हते.

"वयनी, वाळलं न्हाई अजून," मी म्हणालो. दुसरं काही सुचेना.

ती हसली. तोंडाला पदर न लावता हसली, कितीतरी वर्षांनी. "लबाडी करायला बी येत न्हाई तुमाला. दर शनवारी घरात सरसाचा वास, आन मला कळत न्हाई व्हय?"

"मग बोलला का न्हाई?"

"तुमी केलं व्हतं. बोलले असते तर तुमाला वाईट वाटलं असतं."

मी तिच्या पायाशी बसलो. त्या ओल्या जागेकडं मी बघितलं नाही, पण तिकडून डोहाचा वास येत होता आणि गारवा येत होता.

"सकाळधरनं चल म्हनत्यात," ती म्हणाली. "मी म्हनलं, भावजींस्नी न सांगता कशी येऊ? त्यास्नी जेवाय कोन वाढंल, पुसाय कोन, ह्ये तरी सांगून येते." तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात कोरडा होता, गरम होता, पिठाचा होता. "जाऊ का?"

मला नाही म्हणायचं होतं. देवाशपथ, नाहीच म्हणायचं होतं. एक माणूस माझ्या शब्दावर नदीला गेला, आता दुसरं माझ्या शब्दासाठी खोळंबलं होतं. मी नको म्हणालो असतो तर ती थांबली असती. हेच मला सहन झालं नाही.

"जावा, वयनी," मी म्हणालो.

तिनं माझ्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "आदी जेवा," म्हणाली. मी आत गेलो. ताटावरचं झाकण काढलं. बाजरीची भाकरी, वांग्याचं कालवण, मिठाच्या कडेला चिरलेला कांदा. तिनं सांगितलं होतं म्हणून जेवलो, एकेक घास. बाहेर दोन माणसं हळू आवाजात बोलल्यासारखं वाटत होतं. मी कान दिला नाही. माझं लक्ष एकाच आवाजाकडं होतं, जोड निघाल्याच्या टप्पकडं. तो काही आला नाही. मग बोलणंही थांबलं.

हात धुऊन बाहेर आलो तेव्हा ती खांबाला टेकून बसली होती, मान जरा कलती. डोळे मिटलेले. कंपाउंडर आला, म्हणाला हृदय बंद पडलं. बरोबर आहे, हृदय बंद पडल्याशिवाय माणूस मरतच नाही. बायकांनी उचलताना कुणीतरी म्हणालं, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलंय, घागर कलंडली असंल. मी घागर बघून आलो. ती काठोकाठ भरलेली होती.

काठी तिच्या शेजारी भिंतीला टेकून उभी होती. तिन्ही तुकडे जोडलेली, साडेनऊ फूट, लाल रेशीम वर.

भरुचांचं पत्र येतं मधून मधून. काठी कशी आहे, विचारतात. चांगली आहे, कळवतो. आता ती भिंतीवर मावत नाही, म्हणून आढ्याला धरून आडवी बांधलीय. रविवारी खाली काढतो, तेल लावतो. टोक कोरडं असतं. शेवटी लाल रेशमापाशी येतो, दोन्ही हातांनी धरतो आणि तो जोड ओढून बघतो. आधी हळू, मग जोर लावून. निघत नाही. अठरा वर्षांत मी इतका घट्ट जोड एकदाही बसवला नव्हता.